न दिसणाऱ्या तेजोमेघाचे छायाचित्र

खगोलशास्त्राच्या पुस्तकांत तेजोमेघांची तांबडी, निळी, सोनेरी चित्रे छापलेली असतात. ती वर्गात दाखवली की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "हे रंग खरे आहेत, की कोणी भरले आहेत?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी असे चित्र तयार कसे होते ते पाहिले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. २०११ साली निकोला उतेर या फ्रेंच हौशी निरीक्षकाला वृषपर्वा तारकासमूहात म्हाकुळाच्या आकाराचा एक तेजोमेघ सापडला. त्याला 'ओयू ४' म्हणतात. आकाशातील त्याची लांबी एक अंशाहून जास्त, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही तोवर तो कोणाच्या लक्षात आला नव्हता, इतका तो अंधूक आहे.

उत्सर्जन तेजोमेघ म्हणजे तप्त ताऱ्याच्या अतिनील किरणांनी आयनीभूत झालेला विरळ वायू. दिव्याच्या तापलेल्या तारेतून सर्व रंगांचा प्रकाश येतो. या वायूचा प्रकाश मात्र मुख्यतः ठरावीक तरंगलांबींवरच येतो. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते, तर दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची निळसर हिरवी रेषा ५००.७ नॅनोमीटरवर. ही हिरवी रेषा विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये पाहिली, तेव्हा ती 'नेब्युलियम' नावाच्या नव्या मूलद्रव्याची असावी असे मानले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी ती ऑक्सिजनचीच असल्याचे दाखवले. ओयू ४ प्रामुख्याने याच रेषेत प्रकाशतो.

आता साधा हिशोब करू. दृश्य प्रकाशाचा पट्टा सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे ३०० नॅनोमीटर रुंद. समजा, आपण कॅमेऱ्यापुढे फक्त ३ नॅनोमीटर रुंदीचा पट्टा जाऊ देणारा फिल्टर लावला. आकाशातील उजेड सर्व तरंगलांबींवर सारखा पसरलेला आहे असे धरले, तर त्याचा शंभरावा भागच आत येईल. तेजोमेघाची रेषा मात्र या पट्ट्यातच असल्याने जवळजवळ पूर्ण आत येते. म्हणूनच शहराजवळून किंवा चांदण्या रात्रीही असे छायाचित्रण काही प्रमाणात साधते.

पण येणारा प्रकाश फारच थोडा असतो. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमितपणे पडतात. सरासरी १०० फोटॉन अपेक्षित असतील, तर प्रत्यक्ष संख्येत सुमारे १० चा, म्हणजे १० टक्क्यांचा चढउतार दिसतो. १०,००० फोटॉन जमले, तर चढउतार १०० चा, म्हणजे केवळ १ टक्का होतो. यासाठी एकाच भागाची पाचदहा मिनिटांची अनेक छायाचित्रे अनेक रात्री घेतात आणि संगणकावर ती ताऱ्यांच्या स्थानांनुसार जुळवून त्यांची सरासरी काढतात. छायाचित्रांची संख्या चौपट केली की 'गोंगाट' निम्मा होतो. नाणी उडवून हा नियम वर्गातही पडताळता येईल.

यापुढचे काम शिस्तीचे आहे. कॅमेऱ्याच्या उष्णतेमुळे प्रकाश नसतानाही काही नोंद होते. म्हणून दुर्बिणीचे तोंड झाकून, तेवढाच वेळ आणि त्याच तापमानाला छायाचित्रे घेतात व ती नोंद वजा करतात. दुर्बीण कडेला कमी प्रकाश पोचवते, भिंगावरील धूळ डाग पाडते. म्हणून सारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र घेऊन मूळ चित्राला त्याने भागतात. हे टाळून चालत नाही. तेजोमेघाचा उजेड आकाशाच्या उजेडाच्या एक टक्का असेल आणि कडेची घट पाच टक्के असेल, तर आपण दुर्बिणीचा दोष 'तेजोमेघ' म्हणून पाहत बसू!

शेवटी रंग. प्रत्येक फिल्टरचे चित्र मुळात काळेपांढरेच असते. हबल दुर्बिणीच्या १९९५ मधील गरुड तेजोमेघाच्या प्रसिद्ध चित्रात गंधकाच्या प्रकाशाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही तांबड्या भागातच प्रकाशतात; मूळ रंग ठेवले असते तर त्यांतील फरक डोळ्याला कळला नसता. नकाशात जिल्ह्यांना वेगवेगळे रंग देतात, तसाच हा संकेत आहे.

तेव्हा विद्यार्थ्याला सांगावे, की रंग निवडलेले आहेत, पण आकार मोजलेले असले पाहिजेत. त्याची कसोटीही सोपी आहे. जमवलेल्या छायाचित्रांचे दोन गट करून दोन स्वतंत्र चित्रे तयार करावीत. जे दोन्हींत दिसते त्यावर विश्वास वाढतो. दुसऱ्या दुर्बिणीतूनही तेच दिसले तर तो पक्का होतो. ओयू ४ चे नंतर ला पाल्मा बेटावरील अडीच मीटर व्यासाच्या आयझॅक न्यूटन दुर्बिणीनेही चित्रण झाले, आणि म्हाकूळ तेथेही होते. ते एका तिहेरी ताऱ्यातून सुमारे ९०,००० वर्षांपूर्वी बाहेर फेकले गेले असावे, असा विचार २०१४ मध्ये मांडला गेला. अशा मोठ्या प्रश्नाची सुरुवात एका हौशी निरीक्षकाच्या चिकाटीने झाली, हेही विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.