गोठलेल्या समुद्रावरची धावपट्टी

२१ मे १९२५ रोजी नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन पाच सहकाऱ्यांसह दोन विमानांतून स्पिट्सबर्गनहून उत्तर ध्रुवाकडे निघाला. ८८ अंश अक्षांशाजवळ दोन्ही विमाने बर्फामधल्या पाण्यात उतरली. एक निकामी झाले, दुसरे बर्फात अडकले. एका विमानाचे तिघे दुसऱ्या विमानाकडे बर्फावरून चालत येताना डिट्रिकसन आणि ओमडाल पाण्यात पडले. तिसऱ्याने, एल्सवर्थने, त्यांना बाहेर ओढले म्हणून ते वाचले. पुढे तीन आठवडे बर्फ तोडून, तुडवून त्यांनी धावपट्टी केली आणि १५ जूनला सहाही जण एकाच विमानातून उडाले.

गोठलेला समुद्र म्हणजे पक्की फरशी नव्हे. समुद्राचे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठते, तेव्हा काही खारे पाणी बर्फातच अडकून राहते. त्यामुळे हा बर्फ तेवढ्याच जाडीच्या गोड्या पाण्याच्या बर्फापेक्षा कमकुवत असतो. वर हिम साचले की भेगा झाकल्या जातात. ढगाळ प्रकाशात आकाश आणि बर्फ एकच पांढरे दिसतात. सावली नसल्याने बर्फ किती खाली आहे, हे वैमानिकाच्या डोळ्यांना कळत नाही. विमान सुखरूप टेकले तरी धोका उरतोच. ते एकाच जागी फार वेळ उभे राहिले, तर खालचा बर्फ वजनाने हळूहळू खचतो. म्हणूनच उतरण्यापूर्वी भोके पाडून जाडी मोजावी लागते.

बर्फ फुटलाच तर शरीराचे काय होते? पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही. तेव्हाच नाकातोंडात पाणी जाते. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात. थंडीने शुद्ध हरपायला मात्र साधारण तासभर लागतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याआधी बुडून मरतो. पहिले मिनिट डोके पाण्यावर ठेवून श्वास सावरायचा आणि मगच, आलो त्याच दिशेने, बर्फावर पोट टेकून सरपटत बाहेर यायचे.

बाहेर काढलेल्याला आडवे ठेवा, चालवू नका. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा. हातपाय चोळू नका, दारू तर मुळीच देऊ नका. नाडी लागत नाही म्हणून घाईने मृत समजू नका. अतिशय गारठलेले रुग्ण ऊब मिळाल्यावर परत आलेले आहेत.

ध्रुवावर आपल्यापैकी कितीजण जाणार? पण लडाखला गोठलेल्या झंस्कार नदीवर चालायला आपली मुले जातात. निघण्यापूर्वी त्यांना हे जरूर वाचायला द्या.