पाळीचे काम व निद्रा
पाळीचे काम व निद्रा : रात्रपाळी किंवा फिरती पाळी करणाऱ्यांच्या झोपेत होणारे बिघाड व त्यांवरील उपाय हा औद्योगिक आरोग्याचा एक महत्त्वाचा विषय आहे. प्रौढ व्यक्तीस चोवीस तासांत साधारणतः ७ ते ९ तास झोप लागते.

कारणे : जागेपणी वाढत जाणारी झोपेची गरज आणि शरीरातील दैनिक घड्याळ या दोहोंवर झोप अवलंबून असते. हे घड्याळ मेंदूच्या अधोथॅलॅमस या भागात असून ते प्रकाशानुसार जुळते. त्याची रेणवीय यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीहून परतलेला कामगार थकलेला असला, तरी त्याचे घड्याळ जागृतीची सूचना देत असते. परिणामी दिवसाची झोप तुटक व तोकडी होते.

मुंबईच्या गिरणगावात ही अडचण घराच्या रचनेमुळे वाढली. डिलाईल रोडवरील (ना. म. जोशी मार्ग) बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. त्यांतील खोली सु. १६० चौ. फुटांची असे. गिरण्या तीन पाळ्यांत चालत आणि कोकणातून व घाटावरून आलेले अनेक कामगार एकाच खोलीत पाळीनुसार आळीपाळीने झोपत. जागेचा प्रश्न असा सुटे. परंतु दिवसा झोपणाऱ्यास उजेड व चाळीतील वर्दळ चुकत नसे. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या. तथापि रुग्णालये, पहारा, वाहतूक व संगणकीय सेवा यांत रात्रपाळी चालूच आहे.

उपाय : झोपेची वेळ शक्यतो ठरलेली असावी. खिडकीस जाड गडद पडदा लावावा व कानांत बोळे घालावेत. चहा-कॉफीतील कॅफीनचा परिणाम कित्येक तास टिकतो, म्हणून पाळीच्या उत्तरार्धात ती टाळावीत. मद्याने झोप लवकर लागली, तरी ती पुढे मोडते. पाळीवर जाण्यापूर्वी थोडी झोप घेणे हितावह असते. अंथरुणात भ्रमणध्वनी पाहू नये. झोपेच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत.

बहुतेकांचे दैनिक घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठे असते. म्हणून पाळी सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने बदलणे उलट क्रमापेक्षा सुसह्य ठरते. हा क्रम ठरविणे व्यवस्थापनाच्या हाती असते, तर दिवसा घरात शांतता राखणे कुटुंबाच्या व शेजाऱ्यांच्या. त्यामुळे पाळी करणाऱ्याची झोप केवळ त्याच्या वैयक्तिक शिस्तीवर सोपविता येत नाही.