यंत्र उरते, विद्या हरवते

गेल्या २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलाने चंदीगड येथे मिग-२१ विमानांना समारंभपूर्वक निरोप दिला. त्यानंतर अवघ्या एकवीस दिवसांनी, १७ ऑक्टोबर रोजी, नाशिकजवळील ओझर येथे बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए विमान आकाशात झेपावले. मिग-२१ जातीची सहाशेहून अधिक विमाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधली आणि त्यांची जुळणी याच ओझरला होत असे. एकाच कारखान्याच्या आयुष्यातील अस्त आणि उदय असे एकाच महिन्याच्या आत घडले. दोन्ही प्रसंगी विमानांचे आणि वैमानिकांचे यथोचित कौतुक झाले. ती विमाने ज्या हातांनी घडविली त्या हातांचे ज्ञान कोठे जपले जात आहे, हा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो विचारणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या कारखान्याची कुळकथा महाराष्ट्राशी जवळून निगडित आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी परकी सत्तेच्या काळात जहाजे, मोटारी आणि विमाने हिंदुस्थानातच बांधण्याचा ध्यास घेतला होता. अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांचे साहाय्य आणि म्हैसूर संस्थानचे भांडवल मिळवून डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी बंगलोरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनी स्थापन केली. पुढच्याच वर्षी तेथे जुळणी केलेले हार्लो जातीचे शिकाऊ विमान उडाले. परंतु १९४२ मध्ये युद्धाच्या निकडीपोटी सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन सैन्याच्या दुरुस्तीकामासाठी दिला गेला. ज्याने स्वप्न पाहिले त्याच्या हातून ते असे निसटले.

युद्ध संपल्यावर कारखान्याला काम उरले नाही. तेव्हा विमानांचे पत्रे ठोकणाऱ्या कारागिरांनी आगगाडीचे डबे आणि बसगाड्यांचे सांगाडे बांधले. कानपूरला मोडून टाकलेली लिबरेटर बाँबफेकी विमाने त्यांनी पुन्हा उभी केली आणि ती आपल्या हवाई दलात १९६८ पर्यंत उडत राहिली. त्यांतील काही आज ब्रिटन, अमेरिका व कॅनडा येथील संग्रहालयांत मानाने विराजमान आहेत. ती पाहणाऱ्या प्रेक्षकांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की भंगारातून त्यांना दुसरा जन्म देणारे हात बंगलोरच्या फिटर-टर्नरांचे होते? विमान वाचले आणि कारागीर विस्मृतीत गेला, असेच आपल्याकडे होत आले आहे.

हीच गत विद्येचीही झाली. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगन येथे थोर शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकले आणि परतल्यावर याच कारखान्याच्या आराखडा विभागाचे आधारस्तंभ झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले. पुढे १९५६ मध्ये जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक बंगलोरला आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली ‘मरुत’ हे लढाऊ विमान आकारास आले. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी त्याचे पहिले उड्डाण केले. १९७० मध्ये मरुतच्याच चाचणी-उड्डाणात दास मृत्युमुखी पडले. बंगळूरमधील एका रहदारीच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. पण रस्त्याची पाटी माणसाचे काम सांगत नाही.

मरुतची कथा अभिमानाची आहे, तशीच ती खंत वाटावी अशीही आहे. ज्या शक्तिमान इंजिनासाठी त्याची रचना झाली होती, त्याचा विकास ब्रिटनमध्ये थांबला. तो खर्च स्वतः उचलण्यास आपले सरकार तयार झाले नाही. परिणामी उत्तम सांगाड्याला अपुरे इंजिन बसवावे लागले. तरीही मरुतने १९७१ च्या युद्धात आपले काम चोख बजावले. अशी १४७ विमाने बांधली गेली. मात्र त्यांच्या पाठोपाठ नवे स्वदेशी लढाऊ विमान आले नाही. तेजसच्या कार्यक्रमाला १९८३ साली मंजुरी मिळाली आणि त्याचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. दोन पहिल्या उड्डाणांमध्ये चाळीस वर्षे गेली! या काळात मरुतवर काम केलेली पिढी पांगली, निवृत्त झाली, आणि तिने चुका करून मिळविलेले पुष्कळसे शहाणपण नव्या पिढीला पुन्हा नव्याने कमवावे लागले. आठवणींचे जतन ही निवृत्तांची हौस आहे असे मानणाऱ्यांनी या चाळीस वर्षांचा हिशेब करून पाहावा.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सने २००१ मध्ये बंगळूरला आपले संग्रहालय उभारले, हे अत्यंत स्तुत्य आहे. मुले तेथे विमाने पाहून हरखून जातात. परंतु काचेआडचे इंजिन बोलत नाही. कोणता रिव्हेट का तुटला, कोणता आराखडा कोणी आणि का नाकारला, हे त्या काळी तेथे उभा असलेला मनुष्यच सांगू शकतो. इंग्लंडमध्ये ॲव्हरो कंपनीचा वुडफर्डचा विमानतळ २०११ मध्ये बंद झाला. तेथे २०१५ मध्ये संग्रहालय उघडले आणि जुने कर्मचारी त्याच्या सेवेत स्वयंसेवक म्हणून उभे राहिले. त्याच कंपनीच्या ७४८ विमानाची बांधणी आपल्याकडे कानपूरला होत होती आणि तेथील पहिले विमान १९६१ मध्येच उडाले. मग कानपूरच्या कारागिरांची कहाणी तेवढ्याच आस्थेने का जपली जाऊ नये?

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. निवृत्त कामगार, आराखडाकार, निरीक्षक आणि वैमानिक यांच्या मुलाखती त्यांच्या त्यांच्या मातृभाषेत ध्वनिमुद्रित कराव्यात. आराखडे, चाचण्यांच्या नोंदी आणि कार्यशाळेतील वह्या यांची सूची करून, संरक्षणदृष्ट्या गुप्त राखण्याचे प्रयोजन उरले नसेल ते सारे अभ्यासकांना खुले करावे. आणि ओझरच्या कारखान्यात ज्यांच्या दोन पिढ्या खपल्या, त्यांची स्मृती ओझरलाच जपली जावी. या संग्रहात मरुतचे अपयश असावे आणि मिग-२१ च्या अपघातांच्या चौकशीतून मिळालेले धडेही असावेत. यशाची छायाचित्रे कोणीही जपतो. अपयशाचे कागद जपण्यास मोठे मन लागते.

हे काम केवळ सरकारवर सोडून भागणार नाही. नाशिकच्या कित्येक घरांत कारखान्याचा जुना बिल्ला, एखादी सामुदायिक तसबीर, वडिलांच्या हस्ताक्षरातील मोजमापांची वही पडून असेल. रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावी. १९६१ साली वीस वर्षांचा असलेला शिकाऊ उमेदवार आज चौऱ्याऐंशीच्या पुढे गेला आहे. विमान दहा वर्षे झाकून ठेवता येते. त्याला दहा वर्षे थांबण्यास सांगता येणार नाही.