अपो बेटावरची मासेमोजणी

प्रवाळावरच्या माशांची शिरगणती करायची तर पहिली अडचण पाण्याचीच. मुखवट्याच्या काचेतून सगळं साधारण एक तृतीयांशाने मोठं दिसतं. म्हणून मोजणीला उतरणाऱ्यांची आधी नजर तयार करून घेतात: माहीत असलेल्या लांबीचे लाकडी नाहीतर प्लास्टिकचे मासे पाण्यात टांगायचे आणि लांबी ओळखायला लावायची, चूक नगण्य होईपर्यंत. हा सोपस्कार नव्हे. वजनाचा हिशेब लांबीवरून मांडतात आणि वजन साधारण लांबीच्या घनाने वाढतं. तेव्हा लांबी पावपटीने जास्त धरली, तर कागदावर मासळी जवळपास दुप्पट होते!

पद्धत जुनी आहे. हवाईत व्हर्नन ब्रॉक यांनी ती १९५४ साली मांडली. प्रवाळावर फीत अंथरायची, तिच्या कडेने सावकाश पोहायचं आणि ठरलेल्या रुंदीच्या पट्ट्यात दिसेल तो मासा प्लास्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीने टिपायचा. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर फीत ५० मीटरची. मोठ्या माशांसाठी पट्टा ५ मीटर रुंद, बोटभर माशांसाठी एकच मीटर. मोठे आधी मोजायचे, कारण माणूस दिसला की तेच आधी पसार होतात. मागून येऊन पुढे गेलेला धरायचा नाही. कपारीत दडलेले आणि रात्री फिरणारे सुटतात, ते सुटतातच. पाणी नितळ नसेल तर सगळंच मुश्कील. आपल्या मालवणच्या गढूळ महिन्यांत ही विद्या फारशी चालायची नाही.

या मोजणीचं खरं मोल कळलं ते फिलिपिन्समध्ये. सिलिमन विद्यापीठाचे एंजल अल्काला यांच्या पुढाकाराने १९७४ साली सुमिलॉन बेटाचा काही भाग मासेमारीला बंद झाला. १९८४ मध्ये ते संरक्षण कोलमडलं, बंद पट्ट्यातही जाळी पडली. म्हणजे सगळं बेट मोकळं झालं. मग हाती लागणारी मासळी वाढायला हवी होती. ती जवळपास निम्म्यावर आली. कोळ्यांना पटवायला याहून चांगला पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळाला असता?

शेजारच्या अपो बेटावर १९८२ पासून गावानेच एक तुकडा राखला. अल्काला आणि ऑस्ट्रेलियाचे गॅरी रस तिथे वर्षानुवर्षं हेकरू, तांबोशी असे मोठे शिकारी मासे मोजत राहिले. आकडा चढत होता, पण अगदी गोगलगायीच्या चालीने. राखीव पट्ट्याच्या कडेला, दोन-तीनशे मीटरच्या आत मासे वाढलेले दिसायला नऊ ते अकरा वर्षं लागली. शिकारी मासे पूर्ववत व्हायला अपोवर ४० वर्षं लागतील, असा त्यांचा २००४ मधला अंदाज. तीन वर्षांच्या प्रकल्पात 'अभयारण्य यशस्वी' असा अहवाल देणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

अपोवर मासेमारी थांबलेली नाही. राखीव तुकडा सोडून बाकी बेटाभोवती गळ टाकले जातात. म्हणूनच कोळी पहाऱ्याला उभे राहिले, असं मला वाटतं. मालवणला मात्र १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं ते सरकारी आदेशाने, आणि मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून पाठीस लागला आहे.

डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ मध्ये लागोपाठ दोन वादळं अपोवर आदळली. राखीव पट्ट्यातल्या प्रवाळाचा चुराडा झाला. पण किती गेलं याचा वाद घालायची वेळ आली नाही; १९८३ पासूनचे आकडे हाताशी होते.