तंबोरा निवडताना

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला आलेला जाणकार गवई नक्षीकामाकडे नंतर बघतो. आधी वाद्य स्वतःच्या पट्टीत लावून घेतो. पुरुषांच्या तंबोऱ्याचा भोपळा मोठा, दांडी लांब आणि तारा जाड. बायकांची पट्टी चढी, म्हणून वाद्य आटोपशीर. काळी एकला घुमणारा तंबोरा काळी चारला ताणला, तर तारा तुटतात, नाहीतर आवाज आक्रसतो.

खरी परीक्षा जवारीची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कारागीर कानसेने अगदी हलका उतार देऊन घासतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते आणि एका स्वरातून अनेक उपस्वर उमलतात; हीच जवारी. तार आणि घोडी यांमध्ये सुती दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की आवाज उघडतो किंवा मिटतो. कोणाला खुली जवारी हवी असते, कोणाला गोल, बंद. चारही तारांची जवारी सारखी आहे ना, हे मात्र प्रत्येकाने ऐकावेच. खर्जाची तार बोलते आणि मधल्या जोडाच्या तारा मुक्या, असा तंबोरा कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

वापराने तारा घोडीत चरे पाडतात. मग जवारी पुन्हा काढावी लागते आणि त्यासाठी अनेक गायक आपल्या ठरलेल्या कारागिराकडेच जातात. माझ्या मते हा हात वाद्याइतकाच मोलाचा. अशाच हातांनी घडणाऱ्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.