डिकॉक्शन, दूध आणि जायफळ : सीमाभागातील कॉफीचे शास्त्र

कर्नाटक हे भारतातील सर्वांत मोठे कॉफी-उत्पादक राज्य असून देशातील सुमारे ७० टक्के कॉफी तेथे, मुख्यतः कोडगू, चिक्कमगळूर आणि हासन या जिल्ह्यांत पिकते. तरीही त्याच राज्याच्या वायव्य टोकाला असलेल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यातील मराठी घरांचा दिवस सहसा चहानेच सुरू होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, आणि येथील मराठी घरांच्या खाण्यापिण्याच्या सवयी कोल्हापूरकडच्या सवयींशी जुळलेल्या आहेत. त्यामुळे दुधात पूड उकळून, जायफळ किसून केलेली घरगुती कॉफी आणि हॉटेलात मिळणारी दाक्षिणात्य फिल्टर कॉफी अशा दोन रीती येथे शेजारी नांदतात. या दोन्हींमागील शास्त्र समजून घेतले, तर महागड्या यंत्रावाचूनही उत्तम कॉफी करता येते.

सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संतांनी येमेनमधून कॉफीच्या सात बिया आणून चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. आज भारतात मुख्यतः दोन जाती पिकतात : उंचावर, सावलीत वाढणारी, सुवासिक आणि किंचित आंबूस चवीची अरेबिका, आणि तुलनेने सखल भागात येणारी, अधिक कडक, जवळजवळ दुप्पट कॅफीन असणारी रोबस्टा. दुधाच्या कॉफीत केवळ अरेबिकाचा नाजूक स्वाद बुजून जातो, म्हणून त्यात थोडी रोबस्टा मिसळलेली पूड घेणे श्रेयस्कर ठरते. बाजारातील अनेक पुड्यांत चिकोरीही असते. चिकोरी म्हणजे त्याच नावाच्या वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ. त्यात कॅफीन नसते, पण डिकॉक्शनला, म्हणजे कॉफीच्या दाट अर्काला, ती गडद रंग, दाटपणा आणि गोडसर कडवटपणा देते. कायद्याने अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. फिल्टरसाठी ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी हे प्रमाण बहुतेकांना मानवते.

भाजलेल्या बियांतील सुगंधी द्रव्ये उडून जाणारी असतात आणि दळल्यावर ती फार वेगाने नाहीशी होतात. शिवाय बेळगावच्या लांबलेल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली पूड लगेच सादळते. म्हणून पंधरवड्यापुरतीच पूड आणावी, घट्ट झाकणाच्या डब्यात अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावी आणि ओला चमचा तिच्यात कधीही घालू नये. गरम पाणी पडताच पूड फुगून वर आली, तर ती ताजी आहे असे समजावे. भाजताना बियांत कोंडलेला कर्बवायू त्या वेळी बाहेर पडत असतो.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. तीन कपांसाठी वरच्या भांड्यात सुमारे २० ग्रॅम पूड घालून ती छिद्राळ चकतीने हलकेच दाबावी. फार दाबल्यास पाणी अडते आणि सैल सोडल्यास ते अर्क न घेताच निसटते. कॉफीसाठी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी योग्य मानले जाते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते. त्यामुळे उकळी आल्यावर भांडे खाली उतरवून अर्धा मिनिट थांबले, की ते घेण्याजोगे होते. प्रथम दोन चमचे पाण्याने पूड भिजवावी आणि ती फुगल्यावर उरलेले पाणी घालून एकूण १५० मिलिलिटर करावे. त्यातील सुमारे ४० मिलिलिटर पुडीतच मुरते आणि उरलेले पाणी पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन होऊन खाली उतरते.

दुधात पूड उकळण्याच्या घरगुती रीतीतील दोष येथेच लक्षात येतो : दुधातील स्निग्धांश आणि प्रथिनांमुळे अर्क नीट उतरत नाही, आणि सतत उकळल्याने सुवास उडून कडवटपणा मात्र राहतो. यासाठी ही रीत सोडण्याचे कारण नाही. फक्त क्रम बदलावा. साखर, वेलदोडा आणि चिमूटभर किसलेले जायफळ दुधात घालून दूध तापवावे, गॅस बंद करावा आणि मग प्रत्येक कपात ३५ मिलिलिटर डिकॉक्शनवर १०० मिलिलिटर दूध ओतावे. जायफळाचा स्वाद स्निग्धांशात चांगला उतरतो, म्हणून त्याची जागा दुधातच आहे.

कामाच्या ठिकाणी, मग ते उद्यमबागेतील कारखान्याचे कार्यालय असो की निपाणीतील पेढी, कॉफी बिघडते ती बहुधा वाट पाहण्यात. तयार कॉफी पुन्हा पुन्हा तापवल्यास तिच्यातील आम्लांचे विघटन होऊन ती आंबट-कडू लागते. त्यापेक्षा सकाळी काढलेले डिकॉक्शन लहान थर्मासमध्ये न्यावे, दूध वेगळे ठेवावे आणि पिण्याच्या वेळी फक्त दूध तापवून दोन्ही एकत्र करावे. जेथे तेवढी सोय नाही तेथे झटपट विरघळणारी कॉफी चालते. मात्र तीही उकळत्या दुधात न टाकता आधी चमचाभर गरम पाण्यात विरघळवून घ्यावी.

पाण्याचाही विचार हवा, कारण बोअरच्या जड पाण्यात कॉफीचा स्वाद मंदावतो. पिण्यासाठी गाळलेले मऊ पाणीच वापरावे. ताजी पूड, मोजके प्रमाण, उकळीखालचे पाणी आणि थोडा धीर एवढ्याच गोष्टी चांगल्या कॉफीला लागतात. वाचकांनी पुढचे पाकीट घेताना त्यावरील चिकोरीचे प्रमाण आणि उत्पादनाची तारीख वाचावी, लहान पाकीट निवडावे आणि जायफळाची आवड कायम ठेवून डिकॉक्शन मात्र वेगळे काढून पाहावे.