पिकअप घेण्यापूर्वी : डिझेल की गॅस?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात शेतमालाची वाहतूक आता बहुतांशी लहान मालमोटारींवर येऊन ठेपली आहे. पैठण तालुक्यातील मोसंबी, खुलताबाद व कन्नडकडील आले, सिल्लोडचा मका व मिरची, लासूर स्टेशनच्या बाजारात येणारा कांदा, या साऱ्यास बांधापासून बाजारापर्यंत पोहोचविणारे वाहन म्हणजे पिकअप. २००५ साली टाटा कंपनीची 'एस' ही गाडी निघाली, लोकांनी तिला 'छोटा हत्ती' हे नाव दिले, आणि तेव्हापासून बैलगाडीची बाजाराची वाट मोडत गेली. सबब गाडी असावी की नसावी हा वाद आता फारसा उरलेला नाही. वाद उरला आहे तो इंधनाचा; आणि त्याचा निकाल लावताना आमचे शेतकरी बंधू बहुधा शेजाऱ्याच्या अंगणात कोणती गाडी उभी आहे एवढेच पाहतात.

हा निकाल इतक्या सहज लावण्यासारखा नाही. गाडीचा हप्ता दर महिन्यास येतो, पीक मात्र वर्षातून एकदा किंवा दोनदा. पहाटेच्या लिलावासाठी निघालेली टोमॅटोची गाडी बिडकीनच्या अलीकडे बंद पडली, तर जाधववाडीत उशिरा पोहोचलेल्या मालास मनासारखा भाव मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च निराळाच. म्हणून गाडीची किंमत व इंधनाचा दर पाहण्याआधी तिचा भरवसा किती, हे पाहिले पाहिजे.

प्रथम शब्दांचा खुलासा करणे जरूर आहे. अमेरिकेत पेट्रोलासच 'गॅस' म्हणतात, व तेथील मोठ्या पिकअप वापरणाऱ्या शेतकऱ्यांत 'गॅस की डिझेल' हा वाद जुना आहे. आपल्याकडे गॅस म्हणजे सी.एन.जी., अर्थात दाबून भरलेला नैसर्गिक वायू. तथापि पेट्रोल व सी.एन.जी. यांची इंजिने एकाच जातीची होत. दोहोंत प्लगच्या ठिणगीने इंधन पेट घेते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तेथे हवा इतकी दाबली जाते की ती तापून तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. तेव्हा खरी निवड ठिणगीचे इंजिन व दाबाचे इंजिन यांमध्ये आहे.

डिझेलच्या इंजिनाचा लौकिक आपल्या घराघरात आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले, आणि १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाल्यावर ते इंजिन महाराष्ट्राच्या विहिरींवर जाऊन बसले. वीज पोहोचण्यापूर्वी उसाला व केळीला पाणी त्यानेच पाजले. हँडल मारले की सुरू, तेल-पाणी वेळेवर घातले की वर्षानुवर्षे तक्रार नाही, आणि बिघडले तरी गावचा मिस्त्री पान्यांच्या संचावर ते उभे करीत असे. पुढे जीप व पिकअप आल्या, त्यांतील डिझेल इंजिनही पुष्कळ काळ याच घडणीचे होते. 'डिझेल म्हणजे भरवसा' हे वाक्य त्या अनुभवातून आले, व त्या काळापुरते ते खरेही होते.

परंतु आज दुकानात उभी असलेली डिझेल गाडी ही त्या जुन्या इंजिनाची केवळ नवी आवृत्ती नव्हे. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस. ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यामुळे धुरातील काजळी अडविण्यासाठी डिझेल गाडीच्या धुराड्यात एक गाळणी बसवावी लागली. ही गाळणी काजळीने भरत आली की ती आपोआप जाळून साफ व्हावी अशी योजना असते. मात्र त्यासाठी धूर सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. गाडी भरलेली असून मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास एका चालीने धावली, म्हणजे हे काम चालकाच्या नकळत होऊन जाते. उलट जी गाडी शेतातून गावात, गावातून दूध केंद्रावर, असे दोन-चार किलोमीटरचे हेलपाटे घालते आणि माल भरेपर्यंत चालू ठेवून उभी केली जाते, तिची गाळणी साफ होत नाही. मग समोर दिवा लागतो, ओढ कमी होते, आणि शेवटी गाडी वर्कशॉपमध्ये न्यावी लागते. गावचा मिस्त्री तेथे हतबल होतो, कारण दोष शोधावयाचा तो पान्याने नव्हे, संगणकाने.

काही डिझेल गाड्यांत याखेरीज युरियाचे द्रावणही लागते. त्यात शुद्ध युरियाचे प्रमाण शेकडा ३२.५ असते व बाकीचे क्षार काढलेले पाणी. आपल्या कोठीतील युरियाचे पोते पाहून तेच पाण्यात कालवावे असा मोह कोणास झाल्यास तो आवरावा. २०१५ पासून देशातील खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. तो लेप व विहिरीच्या पाण्यातील क्षार मिळून त्या नाजूक यंत्रणेचा नाश करतात. तीच गोष्ट डिझेलच्या स्वच्छतेची. नव्या इंजिनात डिझेल अतिशय मोठ्या दाबाने बारीक छिद्रांतून फवारले जाते. जुन्या इंजिनाने पाण्याचा थेंब किंवा रॉकेलची भेसळ पचविली असेल, नवे पचविणार नाही. अंगणातील उघड्या पिंपातून डिझेल भरण्याची सवय येथे महाग पडते.

अमेरिकेतही हाच प्रकार घडला. तेथे २००७ च्या नियमांनंतर मोठ्या डिझेल इंजिनांस अशीच गाळणी आली, आणि थोडे चालणाऱ्या गाडीस डिझेल घ्यावे काय, हा प्रश्न आपल्या आधी एका तपाने तेथील शेतकऱ्यांपुढे उभा राहिला.

याचा अर्थ डिझेल टाकाऊ ठरले असा कोणी घेऊ नये. ओझे ओढण्यात त्याची बरोबरी आजही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटा कंपनीने एकाच वेळी तीन पिकअप बाजारात आणल्या, त्यांवरून हा फरक चांगला ध्यानात येतो. योधा २.० ही डिझेल गाडी २,००० किलो वाहते, इंट्रा व्ही५० ही डिझेल गाडी १,५०० किलो, तर गॅस व पेट्रोल अशा दोन्ही इंधनांवर चालणारी इंट्रा व्ही२० ही १,००० किलो. इंजिनाची ओढ मोजण्याचे माप न्यूटन-मीटर हे आहे. त्या मापाने व्ही५० ची ओढ सुमारे २२० भरते, आणि व्ही२० ची गॅसवर सुमारे ९५. औट्रम घाट चढून कन्नडकडे येणाऱ्यास, किंवा मोसंबी भरून समृद्धी महामार्गाने मुंबईकडे जाणाऱ्यास हा फरक इंजिनाच्या आवाजावरूनच कळेल. लांबचा पल्ला, पूर्ण ओझे व रोजचे काम असेल, तर डिझेलची गाळणीही साफ राहते व इंजिनही सुखात राहते.

आता गॅसकडे वळू. गॅस स्वच्छ जळतो, काजळी जवळजवळ धरत नाही, त्यामुळे डिझेलसारखी गाळणीची कटकट नाही व इंजिनातील तेलही काळे पडत नाही. दिल्ली शहरातील बसगाड्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर २००२ अखेर गॅसवर आल्या. तेव्हा गॅसवर जड गाडी टिकत नाही हे म्हणणे मान्य करता येत नाही. परंतु त्या बसगाड्या रोज रात्री आपल्या आगारात परततात व त्यांचा पंप ठरलेला असतो, हे विसरू नये. गॅसच्या गाडीचा भरवसा निम्मा इंजिनात व निम्मा पंपावर असतो.

आपल्याकडे गॅसचे पंप शहराच्या आसपास व महामार्गालगत आढळतात. आडमार्गाच्या गावांना ते दूर पडतात. शिवाय सर्व पंप सारखे नव्हेत. काहींना गॅस नळाने येतो, काहींना मोटारीवरील नळकांड्यांतून आणून द्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारच्या पंपावर साठा उतरत आला की दाब कमी होतो, टाकी पुरती भरत नाही आणि रांग वाढते. गाडीची टाकी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २०० किलो दाबाने भरावयाची असते. दाब कमी म्हणजे पल्ला कमी. टाकीची तपासणीही दर ३ वर्षांनी करून घ्यावी लागते, आणि प्लग व व्हॉल्व्ह यांकडे पेट्रोलच्या गाडीपेक्षा अधिक लक्ष पुरवावे लागते.

दोन इंधनांच्या गाडीत पेट्रोल हा अडचणीचा आधार आहे. पण तोही जपावा लागतो. हल्ली पेट्रोलात शेकडा २० पर्यंत इथेनॉल असते. हे इथेनॉल आपल्याच उसापासून व मक्यापासून होते ही समाधानाची बाब खरी, तथापि ते पाणी लवकर शोषते. सबब टाकीत महिनोन्महिने पेट्रोल पडू देऊ नये. आठवड्यातून थोडे अंतर गाडी पेट्रोलवर चालवावी. जुनी गाडी विकत घेताना ती १ एप्रिल २०२३ पूर्वीची असल्यास अशा पेट्रोलास तिचे रबर व नळ्या चालतात की नाही, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

आता हिशेब मांडू. पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या तालुक्याचे दर घालून पाहावेत. समजा, डिझेल गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा १,००,००० रुपयांनी महाग आहे व दर किलोमीटरमागे तिच्यात २ रुपये वाचतात. तर वाढीव किंमत फिटण्यास ५०,००० किलोमीटर धावावे लागेल. ज्याची गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर चालते त्यास ६ वर्षे ३ महिने लागतील. ज्याची २५,००० चालते त्यास २ वर्षे. गॅसचा हिशेब असा : एका भरण्यात २०० किलोमीटर होत असून पंप वाटेपासून १५ किलोमीटर बाजूला असेल, तर जाऊन-येऊन ३० किलोमीटर, म्हणजे शेकडा १५ गॅस पंप गाठण्यातच गेला. रांगेतील वेळ यात धरलेलाच नाही.

यास्तव खरेदीपूर्वी एक महिना साध्या वहीत चार रकाने आखावेत : तारीख, किती किलोमीटर, किती वजन, कोणता रस्ता. भाड्याच्या गाडीचे भाडेही त्यातच लिहावे. महिनाअखेर त्या वहीतून जे निघेल त्याचे साधारण तीन प्रकार होतील. पैठण किंवा सिल्लोडहून दूरच्या बाजारास वारंवार पूर्ण ओझे नेणाऱ्याने डिझेल घ्यावे, डिझेल चांगल्या पंपावरच भरावे, व कंपनीचे वर्कशॉप किती दूर आहे ते आधी पाहावे. करमाड, चितेगाव, फुलंब्री अशा शहराजवळच्या गावांतून रोज भाजीपाला किंवा दूध घेऊन जाणाऱ्याने, पंप वाटेवर असल्यास, दोन इंधनांची गाडी घ्यावी. आणि ज्याच्या वहीत महिन्यात चार-पाचच नोंदी असतील, त्याने कोणतीही गाडी न घेता भाड्यानेच माल पाठवावा. वर्षातून आठ महिने झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर तडकतात, आणि हप्ता मात्र चुकत नाही.

इंधन कोणतेही असो, ठरलेल्या वजनापेक्षा अधिक माल भरणाऱ्याने भरवशाची अपेक्षा करू नये. १,००० किलोच्या गाडीत १,६०० किलो कांदा घालून क्लच जळाला, तर दोष इंधनाचा नव्हे.

तिसऱ्या प्रकारच्या खातेदारांसाठी आणखी एक मार्ग आहे. एकट्याची वाहतूक थोडी असली तरी आठ-दहा जणांची मिळून एका डिझेल गाडीस पुरेसे काम निघते, आणि रोज भरून धावणारी गाडीच टिकते. ज्या गावी आपल्या संस्थेचे पुरेसे सभासद असतील, तेथे त्यांनी आपापल्या वह्या एकत्र करून असा विचार करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.